बोगद्यानंतरची डावी

हरेश्वरने एकतीस वर्षं टेम्पो हाकला, पण डाव्या बाजूला कधी पाहिलं नाही. डावी बाजू जयवंतची. जयवंत त्याचा क्लीनर. सातिवलीच्या गाळ्यांतून प्लास्टिकच्या बादल्या भरायच्या, भिवंडीला उतरवायच्या, आणि वाटेत जिथे वळण, जिथे अडचण, तिथे जयवंतने खिडकीतून मान काढून दारावर थाप मारायची, "डावी मोकली! जाऊ दे!" आवाज आला तर गाडी हलणार. नाही आला तर मागे कितीही हॉर्न बोंबलोत, हरेश्वर गाडी इंचभर पुढे घेणार नाही. एकदा कामणच्या नाक्यावर जयवंत तंबाखू मळत बसला आणि आवाज द्यायला विसरला. हा पठ्ठ्या पाच मिनिटं तसाच उभा. हवालदार तणतणत आला तर त्यालाच म्हणाला, "माजा क्लीनर मुका झालाय सायेब, त्याला इचारा."

या जानेवारीत हरेश्वरला लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय परत आला, हात निम्मा आला. डॉक्टरांनी डोळ्यांची तपासणीही लिहून दिली होती. तो कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि शर्टासकट धुवायला टाकला. "डोल्यांना काय धाड भरलीय? मना खाडीपल्याडचा दिसतो."

खाडी दिसायची हे खरं. नायगावात जिथे त्यांचं भाताचं शेत होतं, तिथेच आता टॉवर उभा आहे आणि त्याच्या नवव्या मजल्यावर हरेश्वरचं घर. गॅलरीत उभं राहिलं की खाली ताडपत्री पांघरलेला टेम्पो दिसे; जयवंत केव्हाच दुसऱ्या गाडीवर गेला होता. मार्चमध्ये बायको हंसा बाजाराला गेलेली पाहून तो लिफ्टने खाली उतरला, ताडपत्री ओढली, गाडी चालू केली आणि दहा हातांवरच्या खांबावर डावा मडगार्ड घासून ठेवला.

"खांब दिसला नाय?" हंसाने विचारलं.

"क्लीनर होता का बाजूला? मंग?"

तेव्हापासून हंसा बाहेर पडताना बाहेरून कडी घाली, आणि टेम्पोची किल्ली मुलीकडे, तेजस्वीकडे गेली.

घरात कोंडलेल्या माणसाचं भांडण जेवणावर निघतं. रोज पानावर बसलं की हरेश्वर ओरडे, "चटनी कुटं हाय?"

"वाडलीय!"

"कुटं वाडलीय? तुज्या माहेरी?"

हंसा ताट उचलताना बघायची, तर डावीकडे वाढलेली चटणी, मीठ, लिंबाची फोड जशीच्या तशी. ती म्हणायची, खायची नाय तर मागता कशाला?

तेजस्वी अंधेरीला नोकरीला. तिने हाताच्या व्यायामासाठी म्हणून टीव्हीला जोडायचं खेळण्यातलं स्टेअरिंग आणलं, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून दिला. बाकीच्या गाड्या तिने बंद ठेवल्या, म्हणजे पप्पा एकटेच निवांत चालवतील. पहिला ट्रॅक वाटोळा होता, सगळी वळणं उजवीची. हरेश्वरने तो चार दिवसांत पाठ केला आणि पाचव्या दिवशी मिशीला पीळ दिला.

"तेजू, किल्ली दे."

"पप्पा, हा तर लहान पोरांचा ट्रॅक आहे. नवीन आलाय ना, घाटवाला, तो मारा. तीन लॅप, एकदापण न ठोकता. मग देते."

"शब्द?"

"शब्द. रविवारपर्यंत. भूपेशकाका सोमवारी नवीन ड्रायव्हर ठेवतायत."

भूपेश हरेश्वरचा धाकटा भाऊ, गाडीचं काम तोच बघत होता. म्हणजे रविवारी जमलं तर गाडी हरेश्वरची, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हातात.

घाटाचा ट्रॅक सुरू झाला. चढ, उजवी, उजवी, मग बोगदा. बोगद्यातून बाहेर पडलं की हरेश्वर सरळ कड्यावर. दहा वेळा, पंधरा वेळा. त्याच जागी, त्याच दगडावर.

"रस्ताच संपवलाय भोसड्यांनी!"

हंसा त्याच्या डाव्या हाताला बसून सुका जवळा निवडत होती. तिला त्या धाडधाड आवाजाचा वीट आला. "अवो, डावी हाय ना तिथं! मारा की डावी!"

"मंग आदी सांगायचं! क्लीनर हायस ना?"

हंसा हसली. पुढच्या खेपेला बोगदा संपता संपता तिने सुपावर थाप मारली, "आली डावी!" हरेश्वरने स्टेअरिंग फिरवलं. गाडी वळली. दोघंही पोरांसारखी खिदळली.

"जयवंतपरीस तुजा आवाज बरा."

"पन डाव्या अंगाला एवडा मोठा पिवला बोर्ड लावलाय, बानाबानाचा. तुमाना आवाज कशाला पायजे?"

"कुटला बोर्ड?"

"ह्यो काय."

"कुटं?"

हंसाचा हात सुपातच राहिला. ती उठली, आत गेली, एका ताटात डाव्या कडेला चमचाभर चटणी घालून आली आणि ते त्याच्यासमोर ठेवलं.

"काय हाय ताटात?"

"रिकामा ताट हाय. चेष्टा करतंस?"

तिने ताट अर्धं फिरवलं. हरेश्वरच्या डोळ्यांदेखत नसलेली चटणी उजवीकडे उगवली. त्याने स्वतःच ताट परत फिरवलं. चटणी गेली. पुन्हा फिरवलं. आली. मग त्याने ताट बाजूला सारलं.

एकतीस वर्षं डावीकडे बघितलंच नव्हतं, त्यामुळे डावी कधी गेली हे त्याला कळलंच नव्हतं.

"तेजूला सांगायचा नाय," तो म्हणाला.

"अवो पन…"

"नाय म्हनजे नाय. सोमवारनंतर मी करू काय, हंसा? ह्या गॅलरीत बसून कावले मोजू?"

 त्या आठवड्यात हंसाने सूप आत नेलं आणि थाप मारली नाही. हरेश्वर आकडे मोजायला शिकला. बोगद्याचा अंधार संपला की चार, मग डावी. पुलानंतर सात, मग डावी. एकूण सहा डाव्या. तो सकाळी दात घासताना मोजायचा, आंघोळीच्या बादलीत पाणी पडताना मोजायचा. हंसा स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाकरी जाळायची.

रविवारी जेवणाआधी तेजस्वी समोर बसली. पहिला लॅप. दुसरा. तिसऱ्यात हरेश्वरच्या कपाळावरून घाम ओघळला, पण ओठ हलत राहिले. एक, दोन, तीन, चार, डावी. गाडी कुठेही न घासता रेघेपार गेली.

"पप्पा! तुम्ही तर एकदम भारी!" तेजस्वीने किल्ली त्याच्या हातात ठेवली. तिचे डोळे भरले होते. "चला, गेटपर्यंत एक फेरी. मी व्हिडिओ काढते, काकांना पाठवू."

हंसा पदराला हात पुसत लिफ्टमध्ये शिरली. खाली आल्यावर ती कुणी सांगायच्या आधी क्लीनरच्या सीटवर चढून बसली. तेजस्वी मोबाईल घेऊन गेटाशी उभी राहिली.

हरेश्वरने किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, ओळखीच्या जनावरासारखं. त्याने गिअर टाकला. गेटापर्यंत किती आकडे, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने मान वळवून वळवून डावीकडे पाहिलं, तेव्हा कुठे मार्चमधला खांब दिसला. एवढं मान मोडून भिवंडीपर्यंत कोण जाणार?

"डावी मोकली हाय का?" त्याने विचारलं.

हंसा समोर काचेकडे बघत राहिली.

"हंसा. आवाज दे."

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जणू ते आपणहून दारावर थाप मारतील.

"हंसा, तुजी शपथ, येकदा."

ती रडत होती, पण तोंड मिटलेलं होतं.

"पप्पा, चला ना!" तेजस्वी गेटाशी ओरडली. मागे सोसायटीतल्या कुणाची तरी मोटार हॉर्न वाजवू लागली. एकदा, दोनदा, मग सलग. हरेश्वर पाय ब्रेकवर ठेवून थांबून राहिला. कामणच्या नाक्यावर राहिला होता तसा. मग त्याने इंजिन बंद केलं.

"भूपेशला सांग," खाली उतरून किल्ली मुलीच्या हातात देताना तो म्हणाला, "चांगला मानूस ठेव. आनि क्लीनर बोलका बग."

तेजस्वीला काही कळेना. तिने आईकडे पाहिलं. हंसाने तिला वर जाऊन पानं वाढायला सांगितलं, आणि चटणी उजवीकडे वाढ म्हणाली.

सोमवारी हंसा बाजाराला निघाली तेव्हा तिने कडी घातली नाही. दार नुसतं लोटलेलं राहिलं. हरेश्वरला ते दिसत होतं. दार त्याच्या उजव्या हाताला होतं. तो उठला, टीव्ही लावला आणि पहिला ट्रॅक काढला, वाटोळा, सगळ्या उजव्यांचा.