उंच किक आणि दहा यार्ड

२०२१च्या हिवाळ्यात, करोनामुळे सिडनी बंद होण्याच्या थोडं आधी, एका शनिवारी दुपारी क्वेकर्स हिलच्या मैदानावर माझ्या रूममेटच्या मानेला मार बसला. अमेरिकन फुटबॉलचा सराव सामना होता. किकऑफनंतर तो चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवत होता.

तो सांगलीचा. तिथे कबड्डी खेळलेला, इथे वेअरहाउसमध्ये सुपरवायझर. बायको आणि मुलगी भारतात गेल्या होत्या आणि सीमा बंद झाल्यामुळे तिथेच अडकल्या होत्या. मी त्याच्याबरोबर मैदानावर जायचो, कडेला यार्ड मोजायची साखळी धरायला.

किकऑफचा, म्हणजे चेंडू किक मारून समोरच्यांना देण्याचा, हिशेब सोपा असतो. चेंडू लांब, थेट समोरच्या टोकाच्या पट्ट्यात मारला, तर बहुतेक वेळा कुणी पळत नाही. समोरचे स्वतःच्या टोकापासून पंचवीस यार्डांवरून खेळ सुरू करतात. चेंडू उंच आणि जरा आखूड मारला, तर त्यांना तो झेलून पळावंच लागतं. तोवर आपली माणसं पोहोचली, तर ते पंधरावरच अडकतात. दहा यार्डांचा फायदा. त्यासाठी दोन्हीकडची माणसं पूर्ण वेगात समोरासमोर येतात.

कोचला तो फायदा हवा असायचा आणि रूममेट तो मिळवून द्यायचा. बाकीचे छातीला भिडायचे. हा शेवटच्या पावलाला डोकं खाली घालून घोटा धरायचा, कबड्डीत धरतात तसा. ‘हेड अप, मेट!’ कोच प्रत्येक सरावाला ओरडायचा. घोटा हाती लागला की टाळ्याही तोच वाजवायचा.

त्या शनिवारी आमच्या टीममधल्या एकाच्या ऑफिसात करोनाचा रुग्ण सापडला होता. तो आणि त्याच्या गाडीतून येणारे, सगळे आयसोलेशनमध्ये होते. उरलेल्यांना बदली खेळाडू नव्हते. शेवटच्या सत्रात आम्ही आघाडी घेतली, पुन्हा किकऑफ आला, तेव्हा रूममेट गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. किक मारणारा ठाण्याचा. दोघं माझ्यासमोरच बोलले.

“लांब मारतो. जरा श्वास घे.”

“आणि दहा यार्ड फुकट द्यायचे? मार उंच.”

“मग डोकं वर ठेव, पैलवान.”

“तू तुझा पाय बघ, ठाणेकर.”

किक उंच गेली. चांगली गेली. रूममेट सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि त्याचं डोकं खाली गेलं. पळणाऱ्याचा गुडघा हेल्मेटच्या माथ्यावर बसला. दोघंही पडले. पळणारा उठला.

मी साखळी टाकून धावलो.

“माझे हात कुठायत रे?” त्याने विचारलं.

हात अंगालगतच होते. मी तसं सांगितलं.

अ‍ॅम्ब्युलन्सचे लोक गाऊन आणि मास्क घालून आले. हॉस्पिटलमध्ये कुणाला आत सोडत नव्हते, म्हणून माझा नंबर लिहून घेतला. मानेला लागल्याचं, हात जाणवत नसल्याचं मी त्याच्या बायकोला रात्रीच कळवलं होतं. रविवारी सांगलीहून तिचा फोन आला.

“भावजी, हे व्हिडिओ कॉल का घेत नाहीत?”

“फोन त्याच्याजवळ नाहीये, वहिनी. माझ्याकडे आहे.”

“हात हलतात का? तेवढंच सांगा.”

“मला अजून कळलेलं नाही. कळलं की लगेच सांगतो.”

“लपवू नका हं.”

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी दुपारी नर्सने फोन केला. उजव्या हाताची बोटं हलली होती. डावा हात आणि दोन्ही पाय हलले नव्हते.