तेवीस काती

प्रयोगशाळेतल्या डासांना रक्त पाजायची वेळ आली की मी सरळ माझा हात पिंजऱ्यात घालते. ते डास अंड्यापासून आमच्याकडेच वाढलेले असतात, त्यांच्यात कसलाही रोग नसतो. बघणाऱ्याला मात्र ते माहीत नसतं, त्यामुळे बघणारा मला धीट समजतो. खरं सांगायचं तर मी पहिल्यापासून भित्री आहे. घरात कुणाला साधा ताप आला तरी मी धास्तावते, आणि शिकत गेले तशी ती धास्ती वाढतच गेली.

माझं काम पायांवर पांढरे पट्टे असलेल्या, दिवसा चावणाऱ्या डासावर आहे. त्याचे पूर्वज जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात अंडी घालायचे आणि मिळेल त्या प्राण्याला चावायचे. माणसाने घरात पाणी साठवायला सुरुवात केली आणि त्यातले काही आत आले, ते कायमचेच. आता पाण्याची टंचाई असलेल्या गावांत त्यांच्या सवयी आणखी कशा बदलतायत, पाण्यात टाकायच्या औषधाला ते कसे पुरून उरतायत, हे मी शोधते. माझं गाव बुलढाण्यातलं सुलतानपूर. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी बुलढाणा जिल्हा माझ्याच गळ्यात घातला. आई अजून शेजारपाजारी सांगते की पोरगी फवारणीच्या खात्यात आहे.

बुलढाण्याजवळच्या देऊळघाट गावात मी चाळीस घरं घेतली होती. प्रत्येक घरी प्लास्टिकचा एक काळा कप, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी आणि कडेला खरबरीत कागदाची एक पट्टी. मादी त्या पट्टीवर अंडी घालते. सातव्या दिवशी कप उचलायचा, पट्टी पाकिटात ठेवायची आणि पाणी तापलेल्या फरशीवर ओतून द्यायचं. या नियमात सूट नाही. कप सात दिवस राहिला तर तो सापळा असतो. त्यापुढे राहिला तर आपणच त्यात डास वाढवत असतो. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते, चांगली डोळे वटारून.

सतरा नंबरचं घर खालाचं; सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. गल्लीत मला सगळे 'मच्छरवाली मॅडम' म्हणायचे, पण खाला मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाली आणि जेवल्याशिवाय सोडायची नाही. तिचा मुलगा पिकअप घेऊन बाहेरगावी असायचा. घरात ती आणि सून. सून लोणारकडची, बोलायला कमी आणि हसायला जास्त. तिला सहावा महिना होता.

कप उचलायच्या दिवशी खाला चिखलीला लग्नाला गेली होती. ओट्यावर कप नव्हता. मी दोन हाका मारल्या. सून आत झोपली असावी, उत्तर आलं नाही. समोरच्या ओट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "शेळीनं पाडला असंल." दर खेपेला दोन-तीन कप असे जातातच. शेळ्या पाणी पितात, पोरं कप खेळायला नेतात. ऊन मी म्हणत होतं, भूक लागली होती, बस चुकायची भीती होती. मी वहीत सतरा नंबरापुढे लिहिलं, 'शेळीने सांडला.' 'मिळाला नाही' असं लिहायला हवं होतं. शेळी मी पाहिलीच नव्हती.

पट्ट्या घेऊन मी पुण्याला प्रयोगशाळेत गेले. महिनाभराने दुसऱ्या फेरीसाठी बुलढाण्याला परतले त्याच दिवशी खालाचा फोन आला. "बाई, सुनेले तीन दिवसापासून ताप हाय. डॉक्टरनं रक्त तपासलं, डेंगू म्हणते. तू येऊन पाह्य ना जरा."

मी गेले. सून पलंगावर डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. उजेड सहन होत नव्हता, सांधे ठणकत होते. खाला तिच्या पायाशी बसून होती. माझे हात मात्र सवयीने कामाला लागले. टाक्या पाहिल्या, ड्रम पाहिले, माठ पाहिला. सगळ्यांवर फडकी ताणून बांधलेली, मी शिकवली होती तशीच. गल्लीत इतकं नीट घर दुसरं नव्हतं. मग मी आतल्या खोलीत वाकून धान्याच्या कोठीमागे बॅटरी मारली.

काळा कप तिथे होता. त्यावर पांढऱ्या रंगाने सतरा लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

"अवं, तोच!" खाला खुशीत म्हणाली. "तूच म्हणली होती ना, अंधारात जास्त येतेत म्हून. ओट्यावर ऊन लागे. म्हटलं आत ठेवा, बाईच्या कामाले अंडे जास्त भेटतीन. तू त नेलाच नाई."

मी कप अंगणात उजेडात आणला. डास उडून गेला की त्याच्या कोषाची रिकामी कात पाण्यावर तरंगत राहते. मी त्या मोजल्या. तेवीस. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या. अजून दोन कोष जिवंत होते, पाण्यात कोलांट्या मारत होते. ते मी फरशीवर काढून चपलेखाली चिरडले. खाला विचारत होती, "भेटले का गं?"

"भेटले," मी म्हटलं.

काती मी बाटलीत घालून नेल्या. खोलीवर भिंगाखाली पाहिल्या. शेपटाकडच्या टोकावरून नर-मादी कळतं आणि चावते ती फक्त मादी. अकरा माद्या होत्या. मग मी कागदावर दिवस मांडायला लागले. डास निघायला इतके, गल्लीतल्या कुणा तापकऱ्याला चावून डासाच्या अंगात विषाणू पिकायला इतके, चावल्यापासून ताप यायला इतके. कुठेतरी हिशेब चुकावा म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला. एकही दिवस कमी पडत नव्हता.

सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "एका कपावरून काहीच सिद्ध होत नाही. गल्लीत ताप आधीपासून आहे. तू तुझा जीव खाऊ नकोस." ते बरोबर बोलत होते. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर खालाच्या घरात सणासारखं वातावरण. ताप उतरला होता. खालाने शेवया केल्या होत्या आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली. या रोगात ताप चढलेला असतो तेव्हा माणूस तळमळतो, पण खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपतं, प्लेटलेट पेशी घसरतात आणि पेशंट मात्र बरा झाल्यासारखा दिसतो. मी सुनेचा हात हातात घेतला. थंडगार, ओलसर. विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली की पोट दुखतंय, पहाटेपासून दोनदा उलटी झाली. सासूला सांगितलं नव्हतं, शेवया करायच्या होत्या म्हणून.

"खाला, ऑटो बोलव. आत्ता. बुलढाण्याला न्यायचं."

"आता काऊन? ताप त उतरला ना. तू काऊन अशी घाबरून राह्यली?"

मी ओरडले. खालावर, जिच्या घरचं मी इतकं खाल्लं होतं तिच्यावर. काय बोलले ते आता आठवत नाही. तिचा चेहरा तेवढा आठवतो. ती ऑटो बघायला गेली.

दवाखान्यात सलाईन लागलं. नर्सने पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके शोधायला घेतले. इकडे ठेवलं, नुसती खरखर. तिकडे ठेवलं, खरखर. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. खाला डोळे मिटून ओठ हलवत होती. मला प्रार्थनेची सवय नाही. मी मनातल्या मनात अकरा, अकरा एवढंच म्हणत होते. मग ठोके लागले, घाईघाईचे. खालाने माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता.

पुढचे दोन दिवस रक्त तपासायला गेलं की मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे, कारण कागदावरचा पेशींचा आकडा मला सगळ्यांच्या आधी कळायचा आणि माझं तोंड बघून खालाला. तिसऱ्या दिवशी आकडा वर सरकला. सून चहा मागू लागली. मी दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

सून घरी आल्यावर आठवडाभर मी त्या घरी गेले नाही. बाकीची घरं केली, सतरा नंबर टाळला. सांगायचं तर होतंच. पण सांगितलं की कप आत कुणी ठेवला हेही आपोआप निघणार, आणि खाला जन्मभर ते उराशी घेऊन बसणार. नाही सांगितलं तर ती मला अशीच शेवया वाढत राहणार. दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. शेवटी एका दुपारी गेले. ठरवलं, खालाचं नावच घ्यायचं नाही.

दोघी लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "तुमच्या घरातला माझा एक कप मी नेलाच नाही. शोधलाही नाही. शेळीने सांडला असं खोटं लिहिलं आणि निघून गेले. त्यातून तेवीस मच्छर निघाले. ताप त्यांच्यामुळेच आला असं मला सांगता येत नाही. नाही आला असंही सांगता येत नाही. चूक माझी आहे."

खालाचे हात थांबले. ती कोठीकडे बघत राहिली. तिला समजलं होतं. मी घाईने म्हटलं, "चूक माझीच आहे, खाला. कप कुठेही असो, तो शोधून न्यायचं काम माझं होतं."

खालाने लसणाचं ताट बाजूला सरकवलं. बोलली ती सून. तिचा आवाज आजारपणाने बारीक झाला होता.

"ताई, तो कोठीमागचा काळा कप?"

"हो."

"त्यातलं पाणी आटत होतं. मंग मी रोज थोडं थोडं टाकत होती. म्हटलं, ताईचं काम वाया जाईन." तिने पोटावर हात ठेवला. "मह्यं चुकलं का?"