हातोडा परत येतो

कॅसलरॉकच्या गणपती गावडे यांनी रेल्वेत एकतीस वर्षे काढली. त्यांतली शेवटची अठरा वर्षे ते चावीवाला होते. ते काम सांगायला सोपे आहे. ठरलेल्या अंतराचा रूळ रोज पायी चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि सांध्यांचे बोल्ट हातोड्याने ठोकून पाहायचे, सैल आढळेल ते घट्ट करायचे आणि परतल्यावर वहीत नोंद करायची. बहुतेक दिवशी गणपतींची नोंद दोनच शब्दांची असे: ‘सर्व ठीक’.

त्यांच्या निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मुलीची, दीपालीची, चावीवाला म्हणून नेमणूक झाली. त्याआधी पाच वर्षे ती रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होती. तिच्या वाट्याला वडिलांचाच घाटातला टप्पा आला. रुजू व्हायचे होते ऐन ऑगस्टात, पाच आठवड्यांनी. सैल बोल्ट आवाजावरून ओळखायचा, हे तिने वडिलांकडून लहानपणापासून ऐकले होते. पण डोक्यावर पाऊस आणि दरीत ओढा गर्जत असताना आवाज ऐकायचा कसा, हे ते सांगू शकत नव्हते. विचारले की म्हणत, सवयीनं कळतंय. आणि एक जरी सैल सांधा नजरेआड झाला, तरी त्यावरून जाणार होती माणसांनी भरलेली गाडी.

ही सवय शब्दांत सांगता यावी म्हणून गणपती गावात भरणाऱ्या लेखनवर्गात गेले. रामनगरच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सुनयनाबाई दर रविवारी रेल्वेने कॅसलरॉकला येत आणि आठ-दहा प्रौढांकडून लिहून घेत. विषय त्या चिठ्ठीवर देत. गणपतींची पत्नी सावित्री म्हणाली, “घरात चार शब्द बोलायचं जड जातंय, आणि वहीला बरं सांगत बसणार हाईसा.”

पहिली चिठ्ठी होती: एक जागा फक्त कानाने सांगा. गणपतींनी लिहिले, ‘सकाळी सात. बोगद्याच्या तोंडाशी डावीकडचा बोल्ट सैल. पान्याने कसला. पुढे सर्व ठीक.’ वाचून झाल्यावर वर्ग हसला. जोयड्याच्या तालुका कचेरीतून आलेले एक कारकून म्हणाले, की एवढ्या सुबक पंचनाम्यावर आपण डोळे मिटून सही करू. सुनयनाबाई हसल्या नाहीत.

“काका, सर्व ठीक असतं तेव्हा काय ऐकू येतं?”

गणपतींनी आपली नोंद पुन्हा वाचून पाहिली. मग म्हणाले, “ठीक असलं की कोण ऐकतंय, बाई? बिघडलेलं तेवढं ऐकायचं.”

अडचण नेमकी तिथे होती. अठरा वर्षांच्या नोंदींत बिघाडाला जागा होती, मोजमाप होते. जे नीट होते त्याच्यासाठी एकही शब्द साठलेला नव्हता. आणि नीट असलेले ठाऊक नसेल, तर सैल ओळखायचे कशावरून?

पुढच्या रविवारी त्यांनी साहित्यिक व्हायचा प्रयत्न केला. घट्ट बोल्ट देवळातल्या घंटेसारखा वाजतो, असे लिहिले. बाईंनी खाली रेघ ओढली. घंटा मला माहीत आहे, बोल्ट माहीत नाही, तेव्हा बोल्टच सांगा, असे त्या म्हणाल्या. घरी दीपालीने तेच वाक्य वाचून विचारले, “आप्पा, घंटा वाजली तर मी नमस्कार करू, का पाना काढू?”

तिसरी चिठ्ठी खास त्यांच्यासाठी होती: तीच जागा, पण कान बंद करून, हाताने सांगा.

गँगच्या खोलीपुढे नव्या लोकांना शिकवण्यासाठी रुळाचे दोन जुने तुकडे जोडून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी गणपती कानांत कापूस कोंबून तिथे उभे राहिले. ते पाठ फिरवत. दीपाली बोल्ट कधी कसून ठेवी, कधी किंचित ढिला करी. मग वळून ते ठोकत. दहापैकी दहा वेळा त्यांनी बरोबर सांगितले. जेवण घेऊन आलेली सावित्री ते पाहून म्हणाली, “त्यात काय नवल? नोकरीची शेवटची चार वर्षं ह्यांना कुकरची शिट्टीबी ऐकू येत न्हवती.”

गणपतींनी कापूस काढला आणि तिला तेच पुन्हा सांगायला लावले. चार वर्षे आपण कानाने काम करत नव्हतो, हे त्यांना त्या क्षणी प्रथम कळले.

मग हातोडा दीपालीने घेतला, आणि दहापैकी सहा वेळा ती चुकली. तिची मूठ पाहताच गणपतींना कारण सापडले. गँगमध्ये क्लिपा ठोकून बसवताना दांडा आवळून धरावा लागतो. पाच वर्षांत तिची मूठ तशीच घडली होती. त्या रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी एका बैठकीत लिहून काढले:

‘मूठ आवळू नको. दांडा तीन बोटांत धर, अंगठा नुसता टेकव. बोल्ट घट्ट असला तर हातोडा आपसूक परत येतो, उचलावा लागत न्हाई. सैल असला तर तिथंच बसतो, आणि दांड्यातून बारीक थरथर करंगळीकडं उतरते. ती संपेपर्यंत पाऊल उचलू नको.’

वर्गात गणपतींनी हे वाचल्यावर कारकुनांनी नकळत हातातले पेन हातोड्यासारखे धरून बाकावर ठोकून पाहिले. सुनयनाबाईंनी कुठेही रेघ ओढली नाही. पुढचे दोन आठवडे दीपाली रोज त्या जुन्या सांध्यापाशी कापूस घालून उभी राहिली. शेवटच्या दिवशी तीही चुकली नाही.

सोमवारी ती रुजू झाली. सकाळपासून धुके आणि पाऊस होता. समोरचा सिग्नलही दिसत नव्हता. ती परतली तेव्हा गणपती ओसरीवर वही घेऊन बसले होते. तिने रेनकोट दांडीला टांगला.

“तिसऱ्या पुलाच्या अलीकडं बसला हातोडा. एकदाच. कसला.”

“ऐकू आलं?”

“न्हाई.”

गणपतींनी मान हलवली आणि वही मिटायला घेतली. दीपालीने ती त्यांच्या हातून ओढून घेतली आणि त्यांच्या मजकुराखाली, ओल्या बोटांनी, आपली ओळ लिहिली: ‘हातमोजा घातला तर थरथर कळत न्हाई. उजवा काढायचा.’

रविवारी गणपतींनी वर्गात ती ओळही वाचली, आणि ती आपली नाही हे आधी सांगितले.