चौदा जणांचा फिल्म स्टडीज

वैशालीताई अ‍ॅडमिशन कॅन्सल करायचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यावर माझी सही हवी होती.

मी परभणीतल्या एका कॉलेजात फिल्म स्टडीजचा कोऑर्डिनेटर होतो. कोर्स विनाअनुदानित. म्हणजे सरकार एक रुपया देत नाही. शिकवणाऱ्यांचं मानधन, कॅमेऱ्याचं भाडं, सगळं विद्यार्थ्यांच्या फीमधून. विद्यापीठाची अट होती, वर्गात किमान पंधरा जण हवेत. आमच्याकडे बरोबर पंधरा होते. मंगळवारी कमिटी पट मोजायला येणार होती.

माहितीपत्रकावर आम्ही गॉगल लावलेली तरुण पोरं छापली होती. प्रत्यक्षात आले लग्नाचे व्हिडिओ काढणारे, पाथरीचे एक रिटायर्ड कंडक्टर, दोन शिक्षिका. आणि ताडकळसच्या वैशालीताई. वय चाळीस, गावात ब्यूटी पार्लर. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच.

"काय झालं, ताई?"

"पोरीचा नर्सिंगला नंबर लागला, सर. दोघींची फी जमंना. आज कॅन्सल केलं तरच पैसे वापस मिळतेत म्हणे."

खरं होतं. परताव्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी प्राचार्यांकडे गेलो.

"चार दिवस थांबवा त्यांना," ते म्हणाले. "सांगा, सही राहिली म्हणून."

"त्यांची फी बुडेल, सर."

"आणि कोर्स बंद पडला तर? तुमचं काय?"

माझं काय, ते मला माहीत होतं. मी कंत्राटी. परत येऊन म्हणालो, "ताई, मंगळवारपर्यंत थांबता का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, तुमाला मी वर्गात पायजे का यादीत?"

मी अर्ज पुढ्यात ओढला. सही केली. फीची खिडकी बंद व्हायच्या आत स्वतः जाऊन शिक्का मारून आणला.

मंगळवारी कमिटीनं चौदा मोजले, चहा घेतला आणि गेली. चौदा जणांना वर्ष पूर्ण करू दिलं. नवे प्रवेश बंद. वर्ष संपलं तसं माझं कंत्राटही संपलं. विद्यापीठाच्या पत्रात कारण होतं, 'या भागातील विद्यार्थ्यांमध्ये विषयाची आवड दिसून येत नाही.'

पत्र फाइलला लावलं. भांडायचा उत्साह राहिला नव्हता.

आता नवा कोर्स काढणारं कुणी सल्ला विचारतं, तेव्हा मी एवढंच सांगतो, फी हप्त्यानं घ्या. त्या दिवशी हे ना प्राचार्यांना सुचलं, ना मला.