खिचडीचा अर्ज आणि आमची जार फाइल

पनवेलच्या आमच्या महिला मंडळात कॉम्प्युटरची एक खोली आहे. तिथे धूळ साचायच्या आत किस्से साचतात. एका दुपारचेच सांगते.

कॉम्प्युटर दोन, दोन्ही भंगारात निघालेले. त्यांवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मी टाकलं. साठीनंतर स्वतः शिकले. क्लास नाही, सर नाहीत. हसायचं त्याने हसावं!

कोन गावची वैजयंता बचत गटाची अध्यक्ष. तिच्या अकरा बायका शाळांची खिचडी शिजवतात. यंदा कामाचा अर्ज ऑनलाइन झाला, मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत. हुकली की काम तळोज्याच्या एका ठेकेदाराला. ती आली बारा वाजता!

"एवढ्या उशिरा का आलीस?"

"काकू, शाळेत खिचडी वाढून आले. पोरांना उपाशी ठेवू?"

मी मशीन चालू केलं.

*

अर्ज भरून झाला, पण त्यावर डिजिटल सही करायला जावाचा प्रोग्रॅम, म्हणजे जार फाइल, उतरवून घ्यायचा होता. घेतला. सुलभाने, म्हणजे आमच्या खजिनदारीणबाईंनी, त्यावर डबल क्लिक केलं. प्रोग्रॅम चालायच्या ऐवजी झिप फाइलसारखा उघडला आणि आत फोल्डरच फोल्डर!

सुलभा त्यातलं एकेक उघडून बघायला लागली.

म्हटलं, "अगं, कुकर लावायला सांगितलाय, तू शिट्टी सुटी करून बघतेस!"

*

सुलभाने खारघरला आपल्या लेकाला फोन लावून माझ्या हातात दिला. तो इंजिनियर.

"काकू, लिनक्सवर कशाला डोकं फोडताय? विंडोज टाका."

"तीन तासांत?"

"नाही हो, दिवस जाईल."

"मग ठेव फोन!"

*

काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, मी हुकूम टाईप केला. उत्तर आलं, जावाच नाही. जावा घातलं. पुन्हा हुकूम. वीतभर एरर! सुलभाने डोळे मिटून घेतले.

मी एररला घाबरत नाही, वाचते. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, जावा जुनं पडतंय. नवं उतरवायला घेतलं. नेट मुंगीच्या पावलाने. पावणेदोन. वैजयंता पदराचं टोक पिळत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी प्रोग्रॅम उघडला. मी टाळी वाजवली, एकटीनेच.

*

कारण तो म्हणाला, टोकन सापडत नाही. टोकन म्हणजे सहीचा पेन ड्राइव्ह. काढला, घातला. दुसऱ्या भोकात घातला. मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्रॅमला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

अडीचला टोकन डोळ्यांजवळ धरलं. तोंड लालपिवळं!

"हे काय गं?"

"हळदीकुकू हाय. खंडेनवमीला पळी, झारा, सुरी पुजली, त्यांच्याच ओळीत ठेवला. आमचं हत्यारच हाय ना त्ये!"

"वरून लावायचं! तोंडात कशाला भरवलंस?"

"देवाला तोंडालाच लावतात, काकू."

सुलभाचा जुना टूथब्रश, कोरडा. घासघास घासलं. दोन पन्नासला दिवा लागला.

*

आता पिन. तीनदा चुकला की टोकन कायमचं बंद.

"सांग, मी टाईप करते."

"नाय. पिन कोनाला सांगायचा नाय."

"अगं, मी आहे!"

"तुमाला पण नाय. तुमी भाहेर जा."

माझ्याच खोलीतून मला बाहेर काढलं! सुलभा आणि मी व्हरांड्यात. दार लोटलेलं. दोन पंचावन्न. आतून एक टक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी टक. ती एका बोटाने आकडे शोधत होती. सत्तावन्न. सुलभा नखं खात होती.

अठ्ठावन्नला दार उघडलं.

"काकू, त्यो इचारतोय, नक्की पाठवायचं का? म्हटलं, तुमाला इचारून येते."

"हो म्हण!" मी अशी ओरडले की खालचा न्हावी रस्त्यावर आला.

ती आत पळाली. प्रिंटर घरघरला. पावतीवर वेळ होती दोन एकोणसाठ. सुलभा रडायलाच लागली. वैजयंताने पावतीची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"काकू, आता पिन बदलायला शिकवा."

"का गं? आत्ता तर चालला!"

"तुमी फटीतून बघत व्हतात."