तपकिरीची कुपी आणि तांदळाएवढा टवका

रमाकांत खळदकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ते पाहुणे होते. पाच मिनिटांत मी आरोपी झालो. मी चहा दिला. त्यांनी कप उन्हाकडे धरला, टिचकी मारून कानाशी नेला, मग खिशातून भिंग काढून कपाचा कान तपासला. तोवर चहावर साय आली, सायीला सुरकुत्या पडल्या आणि बारामतीतला एक उन्हाळा बहुधा संपला.

"हा कप जुना म्हणून घेतलात?"

"चहा पावडरीवर फुकट मिळालाय."

"सगळे असंच सांगतात," ते म्हणाले.

बत्तीस वर्षं ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तिथं त्यांना उसाच्या रसावर संशय घेण्याचा पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम ते जगावर मोफत करू लागले. छंद एकच, जुनी चिनी शोभेची काच जमवणं. कपाटात सतरा वस्तू आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी: 'बहुधा नकली', 'नक्की नकली', 'विकणारा फार गोड बोलला'. मरण्याआधी एका चिठ्ठीवर 'अस्सल' लिहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या पत्नी इंदिरावहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा हे पोह्यांची बशी उलटी करून शिक्का शोधत होते. पोहे सतरंजीवर."

मग सणसरला एका साखरपुड्यात आमच्या शेजारी दगडाबाई जेवायला बसल्या. सत्तरीच्या. जेवण झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून तपकिरीची कुपी काढली आणि खळदकरांची जिलेबी हातातच राहिली. दुधी काच, तिच्यावर लाल काचेचा थर, आणि तो थर कोरून काढलेले दोन मासे.

"कड बोटाला लागते," कुपी मागून घेऊन ते माझ्या कानात म्हणाले. "म्हणजे फिरत्या चाकावर घासून कोरलीय. साच्यातली असती तर गुळगुळीत असती. आत जुन्या तपकिरीचा थरही आहे." मग त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आजी, कुठली ही?"

"सासरं पलटणीत हुतं. हाँगकाँग का काय, तिकडनं आणली. पायजे तर घ्या. मला घट्ट झाकणाची डबी द्या एखादी. हिच्यातनं तपकीर सांडती."

झालं! एवढ्या सहज देतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. खळदकरांनी वहीत सगळं टिपलं आणि रविवारी वजनकाटा घेऊन येतो म्हणाले.

रविवारी आम्ही गेलो, सोबत नवी स्टीलची डबीही होती. दगडाबाईंनी कुपी पुढे केली. ती नव्या नवरीसारखी चमकत होती, आतून-बाहेरून.

खळदकरांचा चेहरा उतरला. "ही ती नव्हे."

"आवं, तीच हाय की."

"आतला थर कुठं गेला? कुणी बदलून दिली? पुण्याचा कुणी व्यापारी आला होता ना?"

"चिंच लावून काडीनं घासली. पाव्हणं बघायला येणार, मग घाणेरडी दावू व्हय? पोरगी दावताना तोंड धुत्यात का न्हाय?"

"जुनी वस्तू घासत नसतात!"

"तुमच्यात नसतील. आमी घासतो."

"मला फसवता येणार नाही," असं म्हणून खळदकरांनी डबी परत पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो.

वाटेत चहाला थांबलो. 'नकली' लिहायला त्यांनी वही उघडली आणि मागच्या पानावर त्यांचंच अक्षर दिसलं: 'माशाच्या शेपटीखाली तांदळाएवढा टवका.'

"तो टवका आजही होता," मी म्हणालो. "मी पाहिला."

"टवकेसुद्धा नकली पाडतात," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. चहा न तपासता त्यांनी एका घोटात संपवला आणि स्कूटर उलटी वळवली.

दगडाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"आजी, चुकलं माझं. कुपी खरी आहे."

"मला ठावं हाय."

"ही डबी घ्या. झाकण अगदी घट्ट आहे."

त्यांनी डबी हातात घेतली, उन्हाकडे धरली, टिचकी मारली आणि कानाशी नेली. मग परत दिली.

"न्हाय बा. आमच्या सासऱ्याची चीज नकली म्हनणाऱ्याची डबी तरी खरी कशावरनं?"

कुपी सणसरलाच आहे. कमरेला तपकीर सांडते म्हणून तिच्यात आता शिलाई मशीनचं तेल घालून ती फळीवर उभी ठेवतात.