बिनचूक वाजवणारे आमचे साडू

अत्यंत जबाबदारीने आणि घरच्यांचा विरोध पत्करून मी आज जाहीर करतो की, आमच्या साडूंइतकी बिनचूक रॉक गिटार अख्ख्या खालापूर तालुक्यात कोणी वाजवत नाही. इतकी बिनचूक गिटार इतक्या कमी लोकांनी ऐकल्याचं उदाहरणही दुसरीकडे सापडायचं नाही. श्रोते तिघेच: साडू स्वतः, त्यांचा मोबाइल आणि भिंतीपलीकडच्या खोलीत वाढलेली त्यांची मुलगी. माझी मेहुणी कानात कापूस घालून स्वयंपाक करते, तिला मी मोजत नाही.

साडू मोहोपाड्याला रसायनांच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. दिवसभर नमुने तपासायचे आणि संध्याकाळी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये स्वतःला तपासायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. टेबलावर टिकटिक करणारं तालयंत्र ठेवायचं, सोलो वाजवायचा, रेकॉर्ड करून ऐकायचा आणि वहीत शेरा मारायचा. मी एकदा ती वही चोरून पाहिली. "बॅच रिजेक्ट. आठव्या सेकंदाला अशुद्धी." पानंच्या पानं तेच. बोटांना तर ते इतके जपतात की घरात फणस आला की यांना ताप येतो. एका पाहुण्यांनी हात जरा जोरात दाबला म्हणून आठवडाभर त्या घराशी अबोला धरला होता.

आमचा वाद मात्र जुना आणि रविवारचा. मी भावनेच्या बाजूचा. ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याला दुसरी बाजू उपलब्धच नसते. "अहो, काळजातून आलं पाहिजे," मी म्हणायचो. "काळजातून रक्त येतं," ते म्हणायचे, "सूर बोटातून येतो. भावना म्हणजे चुकीला दिलेलं लाडाचं नाव." खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असेल की काय, ही शंका घेऊनच मी घरी यायचो.

मग मुलीचं लग्न ठरलं. सासर शेलूला, म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नव्हे. तिने एकच हट्ट धरला. "बाबा, जन्मभर तुम्हाला भिंतीआडून ऐकलं. हळदीला एकदा समोर बसून ऐकायचंय."

"अजून तयारी नाही गं."

"मग लग्न पुढे ढकलू?"

साडू खरोखरच विचारात पडले.

हळदीच्या संध्याकाळी साडूंच्या गावाहून, कडावहून, सगळे भाऊबंद आले होते. बँजो पार्टी चहाला थांबली तेव्हा साडू गिटार घेऊन उभे राहिले. तीनदा तारा जुळवल्या. "काका, ह्यो बँजोचा थोरला भाऊ हाय का?" कोणीतरी विचारलं. साडूंनी सुरुवात केली. पहिलं मिनिटभर इतकं स्वच्छ वाजवलं की लोक भाषण ऐकावं तसे अदबीने बसले. दोघातिघांनी जांभया दिल्या. आणि मग, वीस वर्षांत पहिल्यांदाच, साडूंनी बोटांवरची नजर उचलली. समोर पाटावर पिवळीधमक लेक. बोट होतं तिथेच थांबलं. तार ताणून त्यांनी सूर वर चढवला आणि तो खाली येईचना. थरथरत नुसता उभा. चहाचे कप हातात तसेच राहिले. मुलीच्या गालावरच्या हळदीतून दोन ओघळ उतरले.

महिन्याभराने त्यांनी माझ्या कानात कबुली दिली, "पुढचं विसरलो होतो हो. डोकं पूर्ण कोरं." मी विजयाने म्हटलं, "बघा, भावना!" तर म्हणाले, "तेवढा वेळ तार सुरात धरायला बोट लागतं, साडू. तुम्ही धरून दाखवा." दाखवायला गेलो. बोट सोललं आणि सूर मांजरासारखा निघाला. तेव्हापासून मी भावनेबद्दल जरा हळू आवाजात बोलतो.

पण त्या संध्याकाळी मांडवात हा हिशेब कोणालाच नको होता. तो सूर विरता विरता कडावची त्यांची थोरली बहीण पदराने डोळे पुसत उठली आणि भर मांडवात भावावर ओरडली, "आरं, नाय पाठवायची पोरीला, तर तोंडानं सांग ना रं! त्या तारंला कशाला रडवतोस?"